दुखणं माझं, दुरुस्ती गाडीची

मी घाटात पडलो नाही. आमच्या पेठेत कुणालाही विचारा, तो सांगेल, "श्रीनिवास? तो की, डोंगरात गाडीवरनं पडला आणि कमरेतनं गेला. त्या हमीदच्या नादाला लागून." सांगणारा इतक्या खात्रीनं सांगतो, की कधीकधी माझं मलाच वाटतं, पडलो असेनही बाबा. पण नाही. गाडी घसरली नाही, हमीदनं मला पाडलं नाही. मला मणक्याचा टीबी झाला होता. तो आठ महिने माझ्या पाठीत होता आणि त्या आठ महिन्यांत आम्ही दोघांनी मिळून माझी मोटारसायकल दुरुस्त केली.

हे लिहायला बसलो ते दोन कारणांसाठी. एक म्हणजे, पाठ धरून बसलेल्या कुणाला तरी उपयोग होईल. दुसरं कारण हमीद. माझ्या पायांचं जे व्हायचं ते होऊन गेलं. पण माझ्यामुळं त्याच्या नावाला जो डाग लागला तो पुसायचा राहिलाय, आणि तो पुसला तर हमीद पुन्हा माझ्या घरी येऊन बसेल, असं मला वाटत होतं.

एक गाडी, दोन माणसं

मी यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर. म्हणजे टॉवेलचे माग बिघडले की ते चालू करून देणारा माणूस. हमीदचं पेठेच्या तोंडाला मोटारसायकलचं गॅरेज. शाळेपासूनचे आम्ही दोस्त. माझ्या घरी तेलुगू, त्याच्या घरी दखनी, गल्लीत मराठी, त्यामुळं आमचं बोलणं म्हणजे तिन्हींची भेळ. बायकोला पद्माला सुरुवातीला वाटायचं, आम्ही भांडतोय.

सोलापूर म्हणजे परातीसारखं सपाट. आमच्याकडं चढ म्हणजे रेल्वेचा पूल. तिशीत आम्ही एका लग्नाला महाडला निघालो होतो आणि पहिल्यांदा वरंधा घाट बघितला. हमीदनं गाडी कडेला घेतली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "या अल्ला, जमीन खतम!" त्या दिवशी आम्ही लग्नाला पोचलो ते जेवणावळ उठल्यावर. तेव्हापासून आम्हाला घाटाचं वेड लागलं.

डांबरी घाट सगळ्यांनाच माहीत असतात. आम्हाला गोडी लागली ती जुन्या पायवाटांची. घाटमाथ्यावरच्या एखाद्या गावातनं निघायचं आणि कारवीच्या रानातनं, झिजलेल्या दगडी पायऱ्यांवरनं कोकणात उतरायचं. एखाद्या वळणावर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं लागतं. ज्यांच्या बैलांनी या वाटा झिजवल्या त्यांचं नाव कुणाला ठाऊक नसतं. अर्ध्यावर आलं की खालची उष्ण हवा तोंडावर येते, कान बंद होतात, आणि आपण कोण, घरी काय चाललंय, सगळं विसरायला होतं. एवढं सुख मला दुसरीकडं कुठं मिळालं नाही. देवळातसुद्धा नाही. अम्माला, म्हणजे माझ्या आईला, हे सांगू नका.

अडचण एकच होती. गाडी वर राहायची आणि माणूस खाली. मग आम्ही रीत पाडली. एकजण पायी उतरायचा, दुसरा गाडी घेऊन डांबरी घाटानं वळसा मारून खालच्या गावात जाऊन थांबायचा. उतरणारा तो पायवाला, वळसा मारणारा तो चाकवाला. एकदा मी पायवाला, तर पुढच्या खेपेला हमीद. नंबर चुकवायचा नाही आणि दुसऱ्याला द्यायचाही नाही, भले पाऊस असो. पंधरा वर्षं ही रीत मोडली नाही. चाकवाल्याचं काम सोपं वाटतं, पण खरी परीक्षा त्याचीच. खालच्या गावातल्या पारावर बसून तो डोंगराकडं बघत बसतो. ठरलेली वेळ टळून अर्धा तास झाला की त्याला घाम फुटतो. माणूस दिसला की तो आधी शिव्या देतो आणि मग चहा सांगतो.

शॉकअप

दुखणं सुरू झालं ते एका खेपेहून येताना. टेंभुर्णीच्या अलीकडं रस्त्याचं काम चालू होतं, खड्ड्यात गाडी आदळली आणि पाठीच्या मधोमध कळ गेली. हमीदला म्हणालो, "पाठ गेली रे." तो म्हणाला, "पाठ नै, शॉकअप गया."

झालं. निदान लागलं.

मागचे दोन्ही शॉकअप बदलले. महिनाभर बरं वाटलं की नाही, आठवत नाही. पण बरं वाटतंय असं मी सांगितलं खरं. मग कळ परत आली. हमीद म्हणाला, सीटचा स्पंज बसलाय. सीट नवी केली. मग हँडल दोन बोटं वर घेतलं, म्हणजे मला वाकायला लागू नये. मग टायरची हवा कमी करून बघितली. मग पुढचा शॉकअप खोलला. दर खेपेला तो गाडीवर बसून मोठी चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, "अब मक्खन है." आणि मी त्या मक्खनावर बसून कळवळत घरी जायचो.

हसू नका. आम्ही दोघं यंत्राची माणसं. माग टकटक करायला लागला तर मी धोटा बघतो, पट्टा बघतो. मागावर बसलेल्या माणसाची नाडी बघत नाही. कुठं दुखतंय तर कुठं तरी बोल्ट ढिला असणार, अशीच आमची अक्कल. आणि खरं सांगायचं तर दर खेपेला गाडी मीच घेऊन जायचो. डॉक्टरकडं गेलो तर तो गाडी बंद करायला सांगेल ही भीती होती. हमीद गाडी बंद करायला कधीच सांगणार नव्हता.

बाकीच्या खुणा काय कमी होत्या? संध्याकाळी अंग कसकसायचं. म्हणलं, कारखान्यात उकडतंय. गंजिफ्रॉक घामानं भिजायचं. म्हणलं, उन्हाळा. जेवण कमी झालं, पँटी ढिल्या झाल्या. त्याचा तर मला अभिमानच वाटायचा. पेठेत सांगत सुटलो, "घाट उतरून बारीक झालोय." पद्मा म्हणायची, "अवो, बरगड्या मोजता येतात तुमच्या. दाखवा की कुणाला तरी." मी म्हणायचो, तुला काय कळतंय त्यातलं. तिला कळत होतं. सगळ्यात आधी तिलाच कळलं होतं, आणि मी तिला गप्प केलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

बुटाची गोष्ट

शेवटच्या खेपेला नंबर माझा होता. गाडी चालवण्याइतकी ताकद नव्हती म्हणून मी मागं बसलो. वाटेत चहाला थांबलो तेव्हा अर्धा कप तसाच ठेवला. हमीद बघत होता. म्हणाला, "आज नक्को शिनू. फिर आएंगे."

"नंबर माझा आहे," मी म्हणालो.

त्या घाटवाटेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर कुणी तरी जाऊन बघेल आणि म्हणेल, एवढी सोपी वाट आणि हा रडतोय. वाट सोपीच आहे. सुरुवातीला रुंद पायऱ्या, कडेला करवंदीच्या जाळ्या. मी काठी घेऊन उतरायला लागलो. शंभर पावलं गेलो असेन. मागं बघितलं तर सहा पायऱ्या वर माझा डावा बूट पडलेला होता.

माझाच बूट. पायात फक्त मोजा होता, आणि मोज्यातनं रक्त येत होतं. बूट निघाला कधी, दगड लागला कधी, मला काही कळलं नव्हतं. मी त्या बुटाकडं बघत उभा राहिलो. भीती म्हणजे काय ते मला तिथं कळलं. मी पडलो नाही. मी खाली बसलो आणि मग मला उठता येईना.

हमीद अजून वरच उभा होता. त्यानं गाडी चालूच केली नव्हती. तो धावत उतरला, आधी बूट उचलला, माझ्या पायात घातला, नाडी बांधली. मग मला पाठुंगळी घेऊन शंभर पायऱ्या चढला. त्याचा श्वास भात्यासारखा चालला होता आणि मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकून, लाज वाटत असतानाही, रडत होतो.

मोटारसायकल घाटमाथ्यावरच्या गावातच ठेवली. गावातल्या जीपनं भोर, तिथनं गाडी करून सोलापूर. सकाळी पेठेतल्या लोकांनी मला आडवा उतरवताना बघितलं. मोटारसायकल बरोबर नव्हती. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

डॉक्टरांचा प्रश्न

एमआरआय झाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली आणि पेनाचं टोक ठेवलं. उंदरानं कुरतडल्यासारखे दोन मणके. मध्ये पू साठलेला, तो मज्जारज्जू दाबतोय.

"टीबी आहे," ते म्हणाले.

मी म्हणालो, "मला खोकला नाही."

"टीबी फुप्फुसालाच होतो असं नाही. मणक्यालाही होतो." मग त्यांनी वहीतनं मान वर केली आणि विचारलं, "दुखणं किती दिवसांपासून?"

"आठ महिने."

"आठ महिने काय केलं?"

मी म्हणालो, "शॉकअप बदलले."

खरं उत्तर होतं, म्हणून दिलं. डॉक्टर हसले नाहीत. पेन खिशात ठेवून म्हणाले, "चार-सहा महिने आधी आला असतात, तर बहुतेक गोळ्यांवर भागलं असतं. आता ऑपरेशन करावं लागेल. पाय किती परत येतील, ते आज सांगता येत नाही."

पद्मानं माझा हात घट्ट धरला. हमीद माझ्या मागं भिंतीला टेकून उभा होता. मी वळून बघितलं नाही. दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज तेवढा आला. ऑपरेशनच्या दिवशी तो दवाखान्याच्या फाटकाबाहेर दिवसभर उभा होता, असं नंतर पद्मानं सांगितलं. आत आला नाही. पुढं दीड वर्ष माझ्यासमोरही आला नाही.

वर की खाली

ऑपरेशननंतर मी लाकडाचा ओंडका झालो. दोन दोन तासांनी वॉर्डातली मावशी आणि पद्मा चादर धरून मला कुशीवर वळवायच्या. "एक, दोन, तीन, पलटी!" मावशी म्हणायची, जणू भाकरी उलटायचीय. लघवीची पिशवी कॉटला लटकलेली. भेटायला येणाऱ्यांचा डोळा पहिल्यांदा तिच्यावर जायचा, मग माझ्यावर. गोळ्या सुरू झाल्यावर लघवी केशरी झाली, तेव्हा अम्मा घाबरून देव देव करायला लागली. पोटात सदा मळमळ. पद्मानं आणलेली आमटी बघूनही उमासे यायचे, आणि तिनं डबा बंद करताना तोंड फिरवलं की मला स्वतःची चीड यायची.

रोज सकाळी फिजिओथेरपीच्या मॅडम यायच्या. डोळे मिटायला सांगायच्या, माझ्या पायाचा अंगठा धरून हलवायच्या आणि विचारायच्या, "वर की खाली?"

मला कळायचं नाही. अंगठा आहे की नाही, इथपासनं शंका. अंदाजानं म्हणायचो, वर. त्या नुसत्या लिहून घ्यायच्या. पंधरा वर्षं ज्या पायांनी अंधूक उजेडात ढिल्या दगडांवरनं उतरलो, त्या पायांना आपण कुठं आहोत हेच ठाऊक नव्हतं.

एके दिवशी माझी दहाच्या दहा उत्तरं बरोबर आली. मॅडम खूष. मीही खूष. आतला प्रकार असा, की उशाशी उभी असलेली पद्मा, अंगठा वर गेला की माझा खांदा हळूच दाबत होती. दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला पकडलं. "वहिनी, परीक्षा त्यांची आहे की तुमची?" पद्मा हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं. आख्ख्या आजारपणात ती लोकांसमोर रडली ती तेवढीच. मॅडम तिला घेऊन व्हरांड्यात बसल्या आणि कुठनं तरी चहा आणून पाजला. त्या दिवशीचा माझा व्यायाम बुडाला, पण मला त्या बाईंचे पाय धरावेसे वाटले.

अम्माची गोष्ट

घरी आलो तेव्हा माझं ताट वेगळं झालं होतं, पेला वेगळा झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा टीबी शेजारी बसल्यानं होत नाही. अम्मानं ऐकून घेतलं आणि ताट वेगळंच ठेवलं. तिच्या लहानपणी तिचा मामा टीबीनं गेलेला. मागाच्या खोलीत, एकटा. तिच्या डोक्यात टीबी म्हणजे ती खोली.

आणि मग मला कळलं, की अम्मा सगळ्यांना सांगते, मी घाटात पडलो.

"अम्मा, असं कशाला सांगतेस?"

"मग काय सांगू? टीबी सांगू?" अम्मा तेलुगूत बोलत होती, राग आला की ती मराठीत येतच नाही. "पोरीला बघायला येणार आहेत पुढच्या महिन्यात. बाप पडला म्हणलं तर दया करतील. टीबी म्हणलं तर उंबऱ्यावरनं परत जातील."

मी पद्माकडं बघितलं, तर ती म्हणाली, "लग्न होईपर्यंत राहू द्या की."

मी राहू दिलं. खोटं कशाला बोलू, मला ते सोयीचंच होतं. पडलो म्हणलं की लोक मला शूर समजायचे. टीबी म्हणलं असतं तर खुर्ची मागं सरकवली असती. माझा एकच विचार राहून गेला, की पडणारा म्हणलं की लोक पाडणारा शोधतात.

तो त्यांना जवळच सापडला. कारखान्यातल्या एकानं हमीदला त्याच्याच गॅरेजात जाऊन ऐकवलं, "दोस्ताला लुळा केलास आणि बसलास पाने फिरवत?" आमच्या पेठेतल्या गाड्या हळूहळू दुसऱ्या गॅरेजला जायला लागल्या. हमीदनं एकदाही, एका शब्दानंही सांगितलं नाही की असं काही झालंच नाही. हे सगळं मला कारखान्यातल्यांकडनं कळत होतं आणि मी पलंगावर पडून छताकडं बघत होतो. फोन उशाशीच होता. नंबर लावायचो आणि कापायचो. काय बोलणार? तू माझ्यासाठी बदनाम हो, माझ्या पोरीचं जमतंय?

पोरीचं लग्न झालं. मी वॉकर धरून अक्षता टाकल्या. हमीदला पत्रिका दिली होती, तो आला नाही.

बत्तीस पायऱ्या

गोळ्या दीड वर्षानं संपल्या. मी चालतो. घरातल्या घरात, सपाटीवर, एक काठी घेऊन. उजवा पाय बराचसा परत आला. डावा घसटतो, आणि बघितल्याशिवाय तो कुठं पडला ते कळत नाही. डोळे मिटले की मी पडतो. डॉक्टरांनी शेवटी स्पष्ट सांगितलं, उतारावर जायचं नाही, मोटारसायकल विसरायची.

त्या आठवड्यात मी हमीदला फोन लावला आणि कापला नाही.

"नंबर माझाच राहिलाय," मी म्हणालो. "घेऊन चल."

तिकडं हवा भरायच्या यंत्राचा आवाज. मग म्हणाला, "कब?"

चारचाकी भाड्यानं घेतली, चालवायला तो. पद्मा मागं बसली. हमीद केवढा म्हातारा झाला होता! दाढी पांढरी, डोळ्यांखाली खळगे. सोलापूर ते घाटमाथा आम्ही रस्ता, ट्रक, ऊस, असल्याच गोष्टी बोललो. ठपक्याचं नाव कुणीच काढलं नाही.

वर पोचल्यावर पद्मा म्हणाली, "मी इथंच बसते. तुमचं तुम्ही बघा." तिनं मला अडवलं नाही, यासाठी किती कष्ट घेतले असतील ते तिलाच ठाऊक.

मी उतरायला लागलो. हमीद माझ्यापुढं, पण तोंड माझ्याकडं करून, उलटा उतरत होता. दोन्ही हात पुढं, पोरगं पहिल्यांदा चालताना धरतात तसे. काठी ठेवायची, डाव्या पायाकडं बघायचं, तो टेकवायचा, टेकला का ते बघायचं, मग उजवा. दरीकडं बघायची सोय नव्हती. पंधरा वर्षं जे बघायला आलो ते समोर पसरलेलं आणि मी माझ्या बुटाकडं बघतोय. बत्तीस पायऱ्या झाल्या आणि पाय थडथडायला लागले. मी बसलो. तो एक पायरी खाली बसला.

खालनं गरम वारा आला. मी म्हणालो, "हमीद, पोरीचं लग्न झालं. आता मी सगळ्यांना सांगणार आहे. मी पडलो नाही, तू पाडलं नाहीस. आजार होता म्हणून सांगणार."

"नक्को सांग," तो म्हणाला.

"अरे, तुझं नाव खराब झालंय पेठेत. माझ्यामुळं."

"होने दे." तो करवंदीच्या जाळीकडं बघत होता. "तू पड़्या बोलते ना लोगां, वो मेरेकू अच्छा लगता. घाट में आदमी पड़ सकता. कोई भी पड़ सकता. उसमें मेरी क्या गलती? मैं घर में भी वोच बोल्या. बीवी को बी. शिनू पड़्या. सच्ची बात बोलेगा तो लोगां कू क्या समझेगा? तेरेकू अंदर से बीमारी खा रही थी, और मैं आठ महीने शॉकअप बदल रहा था."

जो डाग पुसायला मी निघालो होतो, त्याच्याच आडोशाला तो दीड वर्ष बसला होता. अम्मानं आमची लाज झाकायला सांगितलेलं खोटं त्यानं स्वतःवर ओढून घेतलं होतं, कारण खरं त्याहून जड होतं.

"गाडी मी आणत होतो," मी म्हणालो. "दर खेपेला मीच. तू काय करणार?"

"मैं मेस्त्री है ना? गाड़ी में कुछ नै था, शिनू. पहले शॉकअप के बाद कुछच नै था. मेरेकू मालूम था. फिर भी खोलता रहा. तू आता था ना, इसलिए." आणि तो रडायला लागला. मोठ्यानं, तोंड न झाकता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हाताला कळत होतं. पायाला कळत नसलं, तरी हाताला सगळं कळत होतं.

वर यायला आम्हाला तासभर लागला. त्यानं पाठुंगळी घ्यायला पाठ पुढं केली होती. मी नको म्हणालो. शेवटच्या काही पायऱ्या बसून, मागं मागं सरकत चढलो. पँटीची सीट फाटली. पद्मानं गाडीतली चादर माझ्या कमरेला गुंडाळली आणि म्हणाली, "झालं समाधान?" मी नाही म्हणालो. खरंच झालं नव्हतं.

लिहू का नको

हे सगळं लिहून झाल्यावर मी हमीदला घरी बोलावलं. तो आला. अम्मानं चहा दिला आणि दारात उभी राहिली. "बाळा, मी बोलले ते..." एवढंच म्हणाली. तो म्हणाला, "जाने दो अम्मा." तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

मी सगळं वाचून दाखवलं. त्याची दखनी मी नीट लिहिली नाही, अशी त्याची तक्रार होती. बाकी सगळं त्यानं ऐकून घेतलं. बुटाच्या गोष्टीला उठून खिडकीशी गेला. वाचून संपल्यावर मी म्हणालो, "तू नको म्हणालास तर फाडून टाकतो. मनापासून सांगतो."

त्यानं थंड झालेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाला, "लिख. नाम बदल."

तेव्हा सांगतो, हमीद हे त्याचं नाव नाही.

तो पुन्हा रोज येतो, असं मात्र समजू नका. महिन्यातनं एकदा येतो. घाटाचं बोलणं आमच्यात होत नाही. त्यानं स्वतःही वाट सोडली. मी कितीदा सांगितलं, माझा नंबर झाला असं समज आणि तू जा. बत्तीस पायऱ्या म्हणजे नंबर होत नाही, म्हणतो. आणि ते बरोबर आहे.

आजाराबद्दल माझं सांगणं थोडकं आहे. पाठ दोन-तीन आठवड्यांच्या वर दुखली, संध्याकाळी अंग तापायला लागलं, वजन उतरायला लागलं, तर वाट बघू नका, डॉक्टर गाठा. बायको म्हणते तेव्हा तर गाठाच. गोळ्या पूर्ण घ्या, मध्ये बरं वाटलं तरी. ताट वेगळं करू नका.

त्या वाचनाच्या दिवशी जाताना हमीद दारात चप्पल घालता घालता थांबला. म्हणाला, तुझं सगळं पेशंटसाठी झालं, आता माझ्यातर्फे एक लिही. त्यानं दखनीत सांगितलं, मी मराठीत उतरवतो. गॅरेजवाल्या भावांनो, एकच माणूस एकाच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा आला आणि गाडीत काही सापडलं नाही, तर गाडी खोलू नका. चावी काढून घ्या, गॅरेज बंद करा आणि त्याला स्वतः दवाखान्यात नेऊन बसवा.